हातांनी शिकलेलं पिल्लू

आमच्या कुत्रीला नाव नाही. लोक विचारतात तेव्हा मी सांगतो की नाव हाक मारायला लागतं, आणि हिला हाक मारून उपयोग नाही. काहींना वाटतं मी चेष्टा करतोय. खरं काय ते उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून आज लिहून काढतोय.

आम्ही कुरवंड्याला राहतो. लोणावळ्याच्या बाजारात माझं दुरुस्तीचं दुकान आहे; गॅसच्या शेगड्या, मिक्सर, पाण्याच्या मोटारी असं काय काय येतं. मुलगी लग्न होऊन देहूरोडला गेली आणि घरात तिघंच उरलो. माझी बायको अंगणवाडीत असते, ती दुपारनंतर घरी येते. मी सकाळी जातो तो संध्याकाळी परततो. मधल्या वेळात घरी फक्त आई. तिचं वय पंचाहत्तरच्या पुढे आहे. पाच वेळची नमाज, चार-पाच कोंबड्या आणि ओट्यावरची खुर्ची, एवढ्यात तिचा दिवस जायचा. ती तक्रार करत नसे. पण संध्याकाळी मी आलो की दिवसभरात फाटकावरून कोण कोण गेलं ते ती इतकं बारीक सांगायची, की तिचा दिवस किती लांब होता ते मला कळायचं.

पिल्लू आणायचं मात्र तिच्या मनात नव्हतं, आणि माझ्याही नव्हतं. जानेवारीत शेजारच्या आबांची मोटार बिघडली म्हणून मी त्यांच्या गोठ्याकडे गेलो होतो. आबा म्हणजे सत्तरीचा गडी, पाच म्हशी राखून आहेत. त्यांची कुत्री गवताच्या गंजीत व्यायली होती. चार पिल्लं होती. तीन तांबडी, एक पांढरं. मी मोटार खोलून बसलो तसं ते पांढरं पिल्लू आलं आणि माझ्या बुटावर डोकं ठेवून झोपलं. मोटार चालू झाली, घरघरली, पंपाने पाणी ओकलं, तरी ते झोपलेलंच. मला त्या झोपेचं कौतुक वाटलं. केवढा विश्वास, असं मनात आलं.

आबांनी मला सावध केलं. "भाऊ, दुसरं कुटलंबी न्या. ही ऐकत न्हाई. बाकीची भाकरी म्हटलं की पळत येत्यात, ही आपली बसल्याली असती."

मी तीच आणली.

आईने पिशवीतून बाहेर आलेलं तोंड पाहिलं आणि दोनच अटी घातल्या. "ती उंबऱ्याच्या आत येणार नाही, आणि माझ्या अंगाला तोंड लावणार नाही." कुत्र्याची लाळ कपड्याला लागली की धुवावं लागतं, नाहीतर नमाज होत नाही. आईला दिवसात किती वेळा लुगडं बदलायला लावणार, हा प्रश्न बरोबर होता. बायकोने ओट्याच्या कोपऱ्यात पोतं घातलं, एक खोकं उलटं ठेवलं, आणि पिल्लाचा संसार मांडून दिला.

पुढचे तीन आठवडे मी जे केलं ते सांगताना मला आजही अवघड वाटतं. लहानपणी आमच्याकडे कुत्री होती, त्यामुळे मला वाटायचं की कुत्रं कसं शिकवायचं हे मला ठाऊक आहे. हाक मारायची, आलं की तुकडा द्यायचा, नाही आलं की आवाज चढवायचा. ही कधी यायची, कधी नाही. तोंड माझ्याकडे असलं की यायची. पाठमोरी असली की कितीही ओरडा, तिच्या कानाची लव हलायची नाही. ती ओट्यावरच मुतायची, आणि मी मागून ओरडलो तरी तिचं आपलं शांतपणे चालू. एकदा मी तिला गदागदा हलवून उठवलं तर तिने दचकून माझ्या अंगठ्याला दात मारले. रक्त आलं. मी तिला थोबाडीत मारली. एकदा नाही, दोनदा.

ती केकाटली आणि खोक्याखाली जाऊन बसली. बायको आतून आली, तिने माझा अंगठा पाहिला, मग खोक्याकडे पाहिलं, आणि हळदीची वाटी माझ्यापुढे ठेवून आत गेली.

आठ-दहा दिवसांनी, एका गुरुवारी, आई ओट्यावर परात घेऊन बसली होती. तांदूळ निवडून झाले आणि ती उठताना परात हातातून निसटली. फरशीवर पितळेची मोठी परात पडली. त्या आवाजाने अंगणातल्या कोंबड्या फडफडत कुंपणावर गेल्या, समोरच्या जांभळावरचे कावळे उठले, मी स्कूटरखाली पडून काहीतरी आवळत होतो, माझ्या हातातला पाना सुटला. परात गोल गोल फिरत झणझणत राहिली. आणि तिच्यापासून हातभर अंतरावर पिल्लू झोपलं होतं. तिचं पोट वर-खाली होत होतं. पापणीसुद्धा लवली नाही.

आई परातीकडे न बघता पिल्लाकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "ही ऐकत नाही, असं नाही रे. हिला ऐकूच येत नाही."

आपल्या भाषेत हे दोन्ही किती जवळ आहे! आबांनी मला खरं तेच सांगितलं होतं, आणि आम्ही दोघांनीही ते चुकीचं ऐकलं होतं. मी स्कूटरखालून बाहेर आलो आणि माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. जखम भरली होती. एक बहिरा जीव झोपेत असताना मी त्याला मागून धरून हलवलं होतं आणि तो घाबरला म्हणून मारलं होतं.

लोणावळ्यातल्या डॉक्टरांनी तिच्या मागे टाळ्या वाजवल्या, किल्ल्या खुळखुळवल्या, मग सांगितलं की अशा पांढऱ्या पिल्लांत हे कधीकधी जन्मतःच असतं. औषध नाही. बांधून ठेवा, एवढंच ते म्हणाले. आमच्या रस्त्यावर शनिवार-रविवारी नागफणीचा सुळका बघायला जाणाऱ्यांच्या गाड्या सुसाट येतात, त्यामुळे ते चूक सांगत नव्हते. आबांना कळलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं. ते म्हणाले, मी परत नेतो, गोठ्यात बांधून ठेवीन, खाईल आणि पडून राहील. तेही मायेनेच म्हणाले.

मी जवळजवळ हो म्हणालो होतो. आई म्हणाली, थोडे दिवस थांबू.

आता आईबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, खंडाळ्याच्या घाटात रेल्वेत गँगमन होते. रूळ तपासायचे, खडी भरायची, दरडीवर लक्ष ठेवायचं. आई लहानपणी त्यांची भाकरी घेऊन रुळाकडेने जायची. घाट चढताना गाडीला मागून इंजिनं लावतात, त्यांच्या आवाजात माणसाचं बोलणं शेजारच्यालाही ऐकू जात नाही. त्यामुळे तिथली माणसं हातांनी बोलायची. या वळणावरून त्या वळणावर, बोगद्याच्या या तोंडाकडून पलीकडे. आईला ते सगळं आठवत होतं. ही आठवण तिने मला आधी कधी सांगितली नव्हती, कारण तिचा कशाशी संबंध आला नव्हता.

तिने सुरुवात केली ती काठीने. अंगणात एक जुन्या दाराची फळी पडली होती, ती तिने माझ्याकडून ओट्यासमोर जमिनीवर टाकून घेतली. पिल्लू फळीवर असलं की आई खुर्चीतूनच काठी फळीवर आपटायची. आवाजासाठी नाही, फळी थरथरते म्हणून. पिल्लाच्या पायांना ते कळायचं आणि ते वळून बघायचं. बघितलं की आई उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाकायची. दोन दिवस एवढंच. तिसऱ्या दिवशी पिल्लू काठी आपटायच्या आधीच आईकडे बघत बसलेलं मी पाहिलं. दुकानात जायला निघालो होतो, तो हेल्मेट हातात घेऊन तसाच उभा राहिलो. पिल्लाचे डोळे फिकट निळसर आहेत. त्या डोळ्यांनी ती आईच्या हातांकडे असं बघत होती, जसं आपण दुसऱ्याच्या ओठांकडे बघतो.

मग खुणा आल्या. हात समोर करून छातीकडे ओढला की ये. तळवा जमिनीकडे दाबला की बस. दोन्ही हात डोक्यावर उभे केले की थांब. ही खूण थेट घाटातली, आणि आई म्हणायची की हिच्यात चूक चालत नाही. आणि मूठ वर धरून फुलासारखी उघडली की शाब्बास, सुटलीस. ही शेवटची तिने स्वतः बनवली. मुतायला अंगणातल्या शेवग्याकडे जायचं, हे तर आईने दिवसभर बसून नुसतं बोट दाखवून आणि तुकडे टाकून आठवड्यात शिकवलं. माझ्या आईने त्या पिल्लाला एकदाही हात लावला नाही. लावायचाच नव्हता. म्हणून तिचं सगळं शिकवणं मधल्या हवेत झालं, आणि त्या पिल्लाला नेमकं तेवढंच हवं होतं.

माझी गोष्ट वेगळी होती. मी हात वर केला की ती जमिनीला चिकटायची. कान मागे, डोळे मिटलेले. तोच हात तिच्या तोंडावर बसला होता आणि तिला तो आठवत होता. आईचा हात तिच्यासाठी शब्द होता, माझा हात मार होता.

बायकोने मला वाट दाखवली. ती अंगणवाडीतल्या रडणाऱ्या पोरांशी रोज हेच करते. ती म्हणाली, आधी तिच्याकडून काही मागू नका, नुसते खाली बसा. मग मी रोज संध्याकाळी दुकानातून आलो की अंगणात मांडी घालून बसायचो, हात जमिनीवर उताणा, तळव्यावर अंडं. बघायचंही दुसरीकडे. पहिले पाच-सहा दिवस ती आली नाही. मग मान लांब करून तुकडा उचलून पळायची. मग पळेनाशी झाली. एके दिवशी अंडं संपलं होतं, तळवा रिकामा होता, तरी तिने आपली हनुवटी त्यावर टेकवली. मी हललो नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हललो नाही. मार्च संपत आला होता, पळसाची फुलं गळत होती, आणि मी पन्नाशीचा माणूस एका पिल्लाच्या हनुवटीचं वजन हातावर घेऊन बसलो होतो. त्यानंतर ती माझ्याही खुणा वाचू लागली.

उन्हाळाभर ती भराभर शिकली. फाटक उघडं असलं तरी खुणेशिवाय रस्त्यावर जायची नाही. झोपेतून उठवायचं असेल तर आम्ही तिच्या नाकावर हळूच फुंकर घालायचो. मग ती दचकायची नाही, आधी वास घ्यायची, मग डोळे उघडायची. माळावर फिरायला नेलं की दर दहा-पंधरा पावलांनी ती वळून माझ्याकडे बघायची. ऐकू येणारी कुत्री असं करत नाहीत, त्यांना गरज नसते. ही पुढे पळायची, वळायची, बघायची, पुन्हा पळायची. माझ्याकडे आयुष्यात कुणी इतक्या वेळा वळून बघितलेलं नाही.

घरातही फरक पडला. आम्ही तिघं नकळत हातांनी बोलू लागलो. आई ओट्यावरून मला चहाची खूण करायची. बायको आणि आई दोन खोल्यांच्या दारांतून काहीतरी हात हलवून हसत असायच्या आणि ते मला कळायचं नाही.

मे महिन्यात आईने मला एक गोष्ट दाखवली. ती मला म्हणाली, असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेच्या, वेळेला घरी असशील तर ओट्यावर ये, पण पिल्लाच्या मागे उभा राहा. आई आतल्या खोलीत दाराकडे पाठ न करता, भिंतीच्या बाजूला जानमाज, म्हणजे नमाजेची चटई, अंथरते, त्यामुळे उंबऱ्याबाहेरून ती बाजूने दिसते. ती उभी राहिली आणि तिने नमाज सुरू करताना दोन्ही हात वर नेले. उंबऱ्याबाहेर आडवी पडलेली कुत्री तटकन उठून बसली. आई वाकली, कपाळ जमिनीला टेकून सजद्यात गेली, उठली. कुत्री हलली नाही. एक माशी तिच्या नाकावर बसली तरी मान झटकली नाही. नमाज संपली, आईने जानमाज घडी करून ठेवली, ती दारात आली आणि तिने मूठ उघडली. तेव्हा कुत्रीने अंग झाडलं आणि ती शेवग्याकडे गेली.

"मी तिला थांब म्हणाले नव्हते," आई म्हणाली. "पंधरा दिवस झाले असतील. मला कळलंच नव्हतं. मी उठून दुसऱ्या कामाला लागायची आणि ही तशीच बसलेली."

मी विचारलं की आता काय करणार, ही खूण बदलायची का. आई म्हणाली, नको. "आपण कुणाला थांबवून ठेवलं, तर सोडायचं काम आपलं असतं. मी आता उठले की आधी तिला सोडते."

ती हे फार साधेपणाने म्हणाली.

पाऊस सुरू झाला तशी वेगळीच अडचण आली. आमच्याकडे जुलै-ऑगस्टात आठ-आठ दिवस धुकं हलत नाही. शेवग्याचं झाड ओट्यावरून दिसत नाही. आणि आमची सगळी भाषा तर डोळ्यांची. धुक्यात मी मुका आणि ती आंधळी. म्हणून त्या दिवसांत मी तिला पट्ट्याशिवाय नेत नसे.

ऑगस्टातल्या एका दुपारी दोन दिवसांनी उघाड पडली होती. गुरुवार, दुकान बंद. मी तिला घेऊन मागच्या माळावर गेलो. समोरची नागफणी स्वच्छ दिसत होती, म्हणून पट्टा सोडला. ती सात-आठ महिन्यांची झाली होती, पाय लांबले होते, ओल्या गवतात वेड्यासारखी पळत होती. ती कड्याच्या बाजूला जरा जास्तच पुढे गेली. मी ये म्हणणार होतो, तेवढ्यात तिच्या मागून, खाली कोकणाच्या अंगाने, धुकं वर येताना दिसलं. ते चालत येत नाही, उसळतं. पळत पळत ती कड्याच्या दिशेने गेली तर, या भीतीने मी दोन्ही हात डोक्यावर उभे केले. तिने वळून पाहिलं. आणि मधे पांढरा पडदा आला. आम्हा दोघांमधलं सगळं पुसलं गेलं.

मी तिच्या दिशेने चालत गेलो, निदान मला तसं वाटलं. धुक्यात सरळ चालता येत नाही हे मला माहीत होतं, तरी गेलो. ती नव्हती. उजवीकडे गेलो, डावीकडे गेलो. मग मी ओरडू लागलो. तिला ऐकू येत नाही हे मला सगळ्यात जास्त माहीत होतं, आणि मी घसा फुटेपर्यंत ओरडत होतो. मोबाइलचा दिवा लावला, तो धुक्यात दोन हातांवर संपत होता. पाऊस लागला. अर्धा-पाऊण तास मी असाच फिरत होतो, दोनदा करवंदीच्या एकाच जाळीपाशी आलो. मग वाटलं, घाबरून घरी गेली असेल. वास काढत कुत्री घरी जातात. मी पायवाट शोधून घरी पळत आलो.

ती घरी नव्हती. आई ओट्यावर होती. मला एकट्याला पाहूनच तिला कळलं. मी धापा टाकत सांगितलं की ती पळाली, कुठे गेली कळत नाही, कड्याच्या बाजूला होती.

आईने विचारलं, "शेवटचं तिला काय सांगितलंस?"

"थांब म्हणून सांगितलं."

"मग सोडलंस का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग ती तिथंच आहे," आई म्हणाली. "जा. आबांना बरोबर घे."

आबा त्या माळावर साठ वर्षं म्हशी चारतायत. त्यांनी इरलं घेतलं, म्हशीचा लांब दोर घेतला, आणि वाटेत मला फक्त एकच विचारलं: तिला शेवटचं पाहिलं तेव्हा पायाखाली काय होतं, गवत की कातळ. मला आठवलं की मी कातळावर उभा होतो आणि शेजारी पाण्याने भरलेला एक खळगा होता, ज्यात हात वर करताना पट्टा पडला होता. आबांनी मान हलवली. त्यांना तो खळगा माहीत होता. म्हशी तिथे पाणी पितात.

आम्ही त्या खळग्यापाशी पोचलो तेव्हा ती दिसेनाशी झाल्याला दोन तास तरी झाले असतील. दोराचं एक टोक आबांनी धरलं आणि ते खळग्यापाशीच उभे राहिले. दुसरं टोक मी कमरेला बांधलं. ते म्हणाले, दोर ताणून धरा, अर्धा गोल मारा, मग दोन पावलं पुढं, पुन्हा अर्धा गोल. पाऊस तिरका येत होता. पांढऱ्यात पांढरं शोधायचं होतं. मी पाय घासत चाललो होतो, कारण कडा कुठे सुरू होतो ते दिसत नव्हतं.

चौथ्या की पाचव्या फेरीला मला हवेत दोन काळे ठिपके आणि खाली एक ओला काळा ठिपका दिसला. डोळ्यांच्या कडा आणि नाक. बाकीची ती धुक्यातच होती. माझ्यापासून चार हातांवर ती बसलेली होती. तिला बसायला शिकवलं होतं तशी, पुढचे पाय जुळवून. अंगावरचे केस चिकटले होते आणि ती इतकी थरथरत होती की तिच्या भोवतीचं गवत हलत होतं. तोंड मी ज्या बाजूला शेवटचा दिसलो होतो त्याच बाजूला. मी इतका वेळ ओरडत, धावत तिच्या आजूबाजूने फिरलो होतो. कदाचित दहा पावलांवरून गेलो असेन. माझा वास तिला आला असेल. तरी ती उठली नव्हती.

मला पाहिल्यावर तिने माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. हातांकडे बघितलं.

माझी बोटं गारठली होती. मूठ वळली, पण उघडता येईना. मी दुसऱ्या हाताने बोटं एकेक करून सोडवली. ती उठली, दोनदा अडखळली, कारण पाय आखडले होते, आणि माझ्या गुडघ्यांत घुसली. मी तिथेच ओल्यात बसलो आणि रडलो. दोर ढिला पडल्याचं कळून आबा त्याच्या आधाराने आमच्यापर्यंत आले. त्यांनी आम्हाला पाहिलं, आणि इरलं काढून तिच्यावर धरलं. परत येताना वाटेत म्हणाले, "भाऊ, माणूस न्हाई थांबत इतका."

घरी बायकोने चुलीशी पोतं तापवून तयार ठेवलं होतं. आईने फक्त विचारलं की कड्यापासून लांब होती ना. मी हो म्हणालो. मला ठाऊक नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी लख्ख ऊन पडलं तेव्हा मी तिला घेऊन, या वेळी पट्ट्याने, पुन्हा तिथे गेलो. खळगा सापडला. तिथून दोरभर अंतर मोजत गेलो. गवत वर आलं होतं, तेरडा फुलला होता, ती बसली होती त्याची काही खूण राहिली नव्हती. पण जागा चुकणं शक्य नव्हतं, कारण त्यापुढे पाच पावलांवर जमीन संपत होती. खाली खोपोलीकडची घरं काडेपेट्यांएवढी दिसत होती आणि एक घार आमच्या पायांच्याही खाली फिरत होती.

मी खाली बसलो. हे काय होतं, याचा विचार करत राहिलो. आम्ही तिला अंड्याच्या तुकड्यांवर चार खुणा शिकवल्या होत्या. धुकं, पाऊस, थंडी, समोर काहीच न दिसणं, हे यातलं काही आम्ही शिकवलं नव्हतं. ते तिने आपल्या पदरचं घातलं होतं.

तिच्या लेखी तिथे काही घडलेलंच नव्हतं. तिने तेरड्याचा वास घेतला, एक टोळ पकडायला गेली, तो सुटला, मग माझ्या मांडीला पाठ लावून बसली आणि खालच्या घारीकडे बघू लागली. मी पट्ट्याचा मनगटाला आणखी एक वेढा दिला आणि ऊन कलेपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.